साथीच्या टेस्टिंगचा हिशोब गावपातळीवर कसा मांडायचा: किटचा खर्च, बुडालेली रोजी आणि वाचलेले जीव

साथ आली की तालुक्याच्या मीटिंगमध्ये दोनच वाक्यं ऐकू येतात, एक जण म्हणते टेस्ट वाढवा आणि दुसरा म्हणते पैसा कुठून आणायचा, आणि आकडा मात्र दोघांकडंही नसतो. हा आकडा काढता येते. त्यासाठी डॉक्टर किंवा इकॉनॉमिस्ट असायची गरज नाही, दहावीचं गणित, मोबाईलवरची गुगल शीट आणि उपकेंद्रातल्या रजिस्टरवर थोडा वेळ बसायची तयारी एवढ्यावर काम होते. ग्रामसेवक, शाळेतले गुरुजी, आशाताई, गावातले शिकलेले पोट्टे, कोणीही करू शकते. खाली मी पूर्ण पद्धत सांगतो आणि सोबत एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवतो.

आधी एक मर्यादा ध्यानात घ्या. ही शीट माणसाकडून माणसाकडं पसरणाऱ्या साथीसाठी आहे, म्हणजे कोरोना, फ्लू वगैरे. २०१८ ला नागपूर भागात स्क्रब टायफस नावाचा ताप बराच दिसला होता, तो गवतातला चिगर माइट नावाचा बारीक किडा चावल्यानं होतो, माणसाला घरी बसवून त्याचा प्रसार थांबत नाही, तिथं टेस्टचा फायदा वेळेवर औषध मिळण्यात आहे आणि त्याचा हिशोब वेगळा. मलेरिया-डेंग्यूचंही असंच, मधात मच्छर आला की गणित बदलते. उदाहरणात कोरोनाचे आकडे घेतले कारण त्याची माहिती सगळ्यात जास्त आहे.

पहिला टॅब: पसरण्याचं गणित

गावातल्या लोकांचे तीन गट करायचे, अजून लागण न झालेले, सध्या लागण असलेले, आणि बरे झालेले (किंवा गेलेले, तेही याच गटात). रोज पहिल्या गटातून काही दुसऱ्यात जातात आणि दुसऱ्यातून काही तिसऱ्यात. हे गणित १९२७ साली कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी मांडलं आणि त्यात त्यांनी मुंबईच्या १९०५-०६ च्या प्लेगमधल्या मृत्यूंच्या आकड्यांवर आपला वक्र (आलेखाची रेघ) बसवून दाखवला, मॅकेंड्रिक स्वतः इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये नोकरीला होते. आता प्लेग तर उंदीर आणि पिसवांमधून पसरते आणि त्यांच्या गणितात उंदीर कुठंच नव्हते तरी वक्र बसला, म्हणून वक्र आकड्यांवर छान बसला की आपल्याला कारण समजलं असं धरून चालू नका, हे पुढं प्रत्येक टॅबला लागू आहे.

उदाहरणाचं गाव २,००० लोकसंख्येचं. सुरुवातीला ४ जणांना लागण. एक माणूस सरासरी ७ दिवस दुसऱ्याला देऊ शकतो असं धरू आणि एका माणसाकडून सरासरी २ जणांना लागते असं धरू, हा जो २ आहे त्याला पुढं मी आर म्हणणार आहे. मग रोजचा पसरण्याचा दर म्हणजे २ भागिले ७, ०.२८६. पहिल्या दिवशी नवे रुग्ण किती, तर ०.२८६ गुणिले १,९९६ गुणिले ४ भागिले २,०००, म्हणजे १.१४. बरे झाले ४ भागिले ७, म्हणजे ०.५७. दुसऱ्या दिवशी लागण असलेले ४ अधिक १.१४ वजा ०.५७, म्हणजे ४.५७. अर्धा माणूस कसा काय म्हणून घाबरू नका, ही सरासरी आहे. ही ओळ शीटमध्ये लिहून खाली अडीचशे-तीनशे ओळी ओढून घ्या. काहीच केलं नाही तर शेवटी साधारण १,६०० लोकांना लागण होऊन गेलेली दिसेल. तुमच्या शीटमध्ये दहावीस इकडंतिकडं होईल, चालते.

दुसरा टॅब: टेस्टनं आर किती खाली येते

खरा जीव इथं आहे, इथं वेळ द्या. टेस्ट केली म्हणून साथ थांबत नाही. टेस्टमुळं माणूस घरी बसला आणि तेही तो दुसऱ्याला देऊ शकते त्या दिवसांत बसला, तेवढाच फायदा. म्हणून चार आकडे लागतात आणि चारही एकमेकांना गुणायचे.

पहिला, लागण झालेल्यांपैकी किती जणांची टेस्टच होते. दुसरा, टेस्ट किती जणांना बरोबर पकडते. तिसरा, रिपोर्ट हातात आला तेव्हा सात दिवसांपैकी किती दिवस उरले. चौथा, पॉझिटिव्ह निघालेल्यांपैकी खरंच घरी किती जण बसतात. चारही गुणून जो आकडा येईल तेवढा हिस्सा आरमधून कमी होते.

आता तुलना पाहा. आरटी-पीसीआर चांगली टेस्ट, नाकातून स्वॅब घेताना होणारी हयगय धरून ती १०० पैकी ८५ पकडते समजा. निम्म्या रुग्णांची टेस्ट झाली, माणसानं दुसऱ्या दिवशी सॅम्पल दिलं, सॅम्पल जिल्ह्याच्या लॅबला गेलं आणि रिपोर्ट चार दिवसांनी आला, म्हणजे सातातला एकच दिवस उरला, आणि शंभरातले ८० घरी बसले. ०.८५ गुणिले ०.५ गुणिले ०.१४ गुणिले ०.८, येतात फक्त ०.०४८. आर २ वरून १.९ वर. १,६०० च्या जागी साधारण १,५४०. एवढी महागाची टेस्ट आणि हाती काहीच नाही, वरातीमागून घोडं.

आता गावातच होणारी रॅपिड अँटिजेन घ्या. आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) १४ जून २०२० ला पहिल्या अँटिजेन किटला परवानगी दिली तेव्हाच लिहून ठेवलं होतं की ती ५०.६ ते ८४ टक्के रुग्ण पकडते आणि निरोगी माणसाला ९९.३ ते १०० टक्के वेळा निगेटिव्हच सांगते. आपण पकडण्याचं प्रमाण ०.६ धरू. रिपोर्ट अर्ध्या तासात म्हणून पाच दिवस उरतात, ०.७१. बाकी तसंच. ०.६ गुणिले ०.५ गुणिले ०.७१ गुणिले ०.८, म्हणजे ०.१७. आर १.६६ वर आला, लागण साधारण १,३४० जणांना. म्हणजे कमी पकडणारी टेस्ट जास्त कामाची ठरली, फक्त वेळेमुळं. हेच २०२१ च्या जानेवारीत अमेरिकेतले संशोधक डॅनियल लॅरेमोर आणि सहकाऱ्यांनी मॉडेल करून छापलं होतं की टेस्ट किती बारीक पकडते यापेक्षा ती किती वेळा होते आणि रिपोर्ट किती लवकर येते याला महत्त्व जास्त. पण तीच आरटी-पीसीआर दुसऱ्या दिवशी रिपोर्ट देत असेल तर चार दिवस उरतात आणि लागण १,२९० वर येते, अँटिजेनपेक्षाही बरं. म्हणून अमुक टेस्ट चांगली आणि तमुक वाईट असं सरसकट म्हणू नका, तुमच्या गावापासून लॅब किती लांब यावर ते अवलंबून आहे. मे २०२० मध्ये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात लॅब सुरू झाली तेव्हा जिल्ह्याला मिळालेला मोठा फायदा मी हाच समजतो, की सॅम्पलचा प्रवास कमी झाला.

हे चार आकडे आणायचे कुठून

टेस्ट किती पकडते हे किटच्या आणि आयसीएमआरच्या कागदावर मिळते. बाकीचे तीन तुमच्या गावात आहेत.

उरलेल्या दिवसांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रजिस्टरमधून चार तारखा उतरवा, त्रास कधी सुरू झाला, सॅम्पल कधी घेतलं, रिपोर्ट कधी आला, आणि रुग्णाला कधी सांगितलं. शेवटची तारीख रजिस्टरमध्ये बहुतेक नसते, ती आशाताईंना विचारा, कारण रिपोर्ट पोर्टलवर येऊन पडते आणि माणूस वावरात असते, फोन लागत नाही, मधात अख्खा दिवस जाते. आता इथं एक बारीक गोष्ट आहे. समजा सात जणांचे रिपोर्ट २, २, ३, ३, ३, ४ आणि ११ दिवसांनी आले. सरासरी ४ दिवस, आणि दुसऱ्या दिवशी सॅम्पल धरलं तर उरला १ दिवस असं वाटते. पण प्रत्येकाचे उरलेले दिवस वेगळे काढा, ३, ३, २, २, २, १ आणि शेवटच्याचा शून्य (उणे धरायचं नाही, गेला तो गेला), यांची सरासरी येते १.८६. जवळजवळ दुप्पट फरक. म्हणून आधी प्रत्येकाचं वेगळं काढायचं आणि मगच सरासरी घ्यायची. आणि हेही लिहून ठेवा की कोरोनात माणूस त्रास सुरू व्हायच्या आसपासच सगळ्यात जास्त पसरवते, म्हणजे सातही दिवस सारखे नसतात, त्यामुळं आपला हा आकडा थोडा जास्तच आशादायक असतो.

किती जणांची टेस्ट होते यात लोक सगळ्यात जास्त फसतात. पोर्टलवर दिसणारे रुग्ण म्हणजे सगळे रुग्ण नाहीत. आयसीएमआरनं मे-जून २०२० मध्ये ७० जिल्ह्यांत रक्त तपासून सर्व्हे केला तेव्हा मोठ्या माणसांत ०.७३ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली निघाली, आणि हिशोब असा आला की एका सापडलेल्या रुग्णामागं ८२ ते १३० लागणी होत्या. त्या यादीत महाराष्ट्रातले बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर आणि जळगाव होते, विदर्भातला एकही जिल्हा नव्हता. म्हणजे आपण वर जे निम्म्यांची टेस्ट धरली ते फार मोठं ध्येय आहे, त्या काळी देशात शंभरातला एक सापडत होता. शीटमध्ये हा आकडा ०.०१, ०.१, ०.३, ०.५ असा बदलून पाहाच.

आणि चौथा आकडा, घरी किती बसतात. तो कोणत्याच पोर्टलवर नाही. तो विचारावा लागते, आणि कसा विचारायचा तेही सांगतो. पॉझिटिव्ह आले तर घरी बसाल का असं विचारलं की सगळेच हो म्हणतात. असं विचारा, की वेचणीच्या दिवसांत सात दिवस कामावर गेल्या नाही तर घरात किराणा कसा येईल, मुकादम किंवा मालक त्या जागी दुसरीला लावील का, उचल घेतली आहे का. दहा-पंधरा घरं फिरलं की चित्र समजते. शेतमजुरी करणाऱ्या बाया आणि पाच-सात एकरवाला कास्तकार यांची उत्तरं वेगळी येतील, सालदाराचं आणखी वेगळं, ते वेगळंच लिहा, एकत्र करून सरासरी काढू नका.

तिसरा टॅब: पैसा

बहुतेक लोक इथं फक्त किटचा भाव टाकतात आणि सुटतात. माझं सगळं म्हणणं इथंच आहे, की टेस्टिंगचा मोठा खर्च किट नाहीच, पॉझिटिव्ह निघालेल्या माणसाची बुडालेली रोजी हा मोठा खर्च आहे, आणि तो कोणी भरून देणार नसेल तर चौथा आकडा कोसळते आणि त्याच्यासोबत पहिलाही, कारण घरी बसायची ऐपत नसलेला माणूस टेस्टलाच येत नाही. ताप मेडिकलच्या गोळीवर काढते आणि कामावर जाते. त्याला दोष देऊन काय फायदा, त्याच्या जागी कोणीही तेच करील.

किटच्या भावाचा सेल वेगळा ठेवा, कारण तो झपाट्यानं बदलते. मार्च २०२० मध्ये खासगी लॅबसाठी आरटी-पीसीआरची कमाल किंमत ४,५०० रुपये ठरली होती, ३१ मार्च २०२१ ला महाराष्ट्रात तीच ५०० वर आली. एका वर्षात. जुना भाव शीटमध्ये राहिला तर सगळा निष्कर्ष उलटा निघते.

रोजीसाठी सुरुवातीला रोहयोचा दर घेता येते, महाराष्ट्रात २०२०-२१ ला तो २३८ होता आणि २०२४-२५ ला २९७. पण गावातला खरा दर महिन्यागणिक वेगळा असते म्हणून बारा महिन्यांचा छोटा तक्ता करा. मे मध्ये वावरात काम कमी, माणूस सात दिवस बसला तर नुकसान कमी. ऑक्टोबर ते जानेवारी कापूस वेचणी, मजुरी किलोवर, आणि चांगली वेचणारी बाई रोजाच्या दरापेक्षा बरीच जास्त कमावते. आणि जूनमध्ये पेरणीच्या वेळी तर मजुरीचा दर धरून चालतच नाही, पाऊस पडल्यावर वापसा मिळून पेरायला मोजकेच दिवस असतात, ते हुकले तर छोट्या कास्तकाराचा हंगामच मागं जाते. त्याच्या सात दिवसांची किंमत २,१०० रुपये लिहिणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. त्याच्यासाठी दुसऱ्याकडून पेरून घ्यायला ट्रॅक्टरचं भाडं आणि मजुरी किती लागेल तो आकडा टाका.

आता उदाहरण पूर्ण करू. सगळे आकडे मी मानलेले आहेत, तुम्ही तुमचे टाका. अँटिजेन टेस्ट माणसाच्या मेहनतीसकट १५० रुपये. एका खऱ्या रुग्णामागं साध्या सर्दी-तापाचे तिघं टेस्टला येतात. रोजी ३००. सापडलेल्यांपैकी निम्मे कमावते.

पहिला पर्याय, फक्त टेस्ट, रोजी नाही. निम्म्यांची टेस्ट होते, शंभरातले ३० घरी बसतात. गुणाकार ०.०६४, आर १.८७, लागण साधारण १,५२०. टेस्ट ३,०४०, खर्च ४,५६,०००.

दुसरा पर्याय, तीच टेस्ट आणि पॉझिटिव्ह निघालेल्या कमावत्याला सात दिवसांची रोजी. त्यामुळं ७० टक्के रुग्ण टेस्टला येतात आणि सापडलेल्यांपैकी ९० टक्के घरी बसतात असं धरू. गुणाकार ०.२७, आर १.४६, लागण साधारण १,१२०. टेस्ट ३,१३६, खर्च ४,७०,४००. सापडलेले ४७० आणि चुकून पॉझिटिव्ह निघालेले १२ (टेस्टला आलेल्या २,३५२ निरोगी लोकांच्या अर्धा टक्का), एकूण ४८२, त्यातल्या निम्म्यांना २,१०० प्रमाणे ५,०६,१००. एकूण ९,७६,५००.

म्हणजे दुसरा पर्याय ५,२०,५०० रुपयांनी महाग आणि ४०० लागणी कमी. एक लागण टाळायला साधारण १,३०० रुपये. लागण झालेल्यांपैकी ३ टक्क्यांना दवाखान्यात भरती करावं लागते आणि एका भरतीला ४०,००० जातात असं धरलं तर १२ भरत्या वाचल्या, ४,८०,०००. चारशेतले निम्मे आजारी पडतात, त्यातले निम्मे कमावते, पाच दिवस आजारपण, म्हणजे १,५०,००० ची रोजी वाचली. एकूण ६,३०,०००. म्हणजे जीव वाचले ते न मोजताच खर्च निघून आला, आणि हजारात ५ मृत्यू धरले तर दोन माणसंही वाचली.

थांबा, इथंच मीटिंगला पळू नका. रोजी दिल्यानं ३० चे ९० होतात हा माझा अंदाज होता. समजा ५० च झाले आणि टेस्टला येणारे वाढलेच नाही. मग लागण १,४५० च्या वर राहते, टाळलेल्या लागणी फक्त ६६, वरचा खर्च साधारण साडेचार लाख, आणि एक लागण टाळायला ६,८०० रुपये पडतात. वाचणारा पैसा लाखाच्या आसपास. खर्च निघत नाही. एकच योजना, एकच किट, फक्त लोकांच्या भरवशाचा आकडा बदलला आणि हिशोब पाचपट बिघडला. म्हणून किटची ऑर्डर द्यायच्या आधी ती दहा-पंधरा घरं फिरणं जास्त गरजेचं आहे, आणि रोजी देतो म्हटलं तर ती त्याच आठवड्यात हातात पडली पाहिजे, चुकारा तीन महिन्यांनी मिळणार असं कळलं की लोक पहिल्याच आठवड्यात ओळखतात आणि आकडा परत ३० वर येते.

आणखी एक करून पाहा. मास्क, खिडक्या उघड्या, आठवडी बाजार पांगवून भरवणं, यानं सुरुवातीचा आर २ च्या जागी १.३ असेल तर काय होते. पहिल्या पर्यायात लागण साधारण ६६० राहते. दुसऱ्यात आर १ च्या खाली, ०.९५ वर जाते आणि साथ शंभराच्या आत विझते. म्हणजे टेस्टिंगचा पैसा सगळ्यात जास्त कामी येते ते आर १ च्या जवळ असताना. हे तोंडी सांगून समजत नाही, शीटमध्ये आकडा बदलून समोरच्याला दाखवा, त्याचा चेहराच सांगते की समजलं.

पैसा कोणाच्या खिशातला, हे प्रत्येक ओळीला लिहा. तीन रकाने करा, सरकार, कुटुंब, आणि पूर्ण गाव. सरकारनं दिलेली रोजी सरकारच्या रकान्यात खर्च आहे, कुटुंबाच्या रकान्यात जमा आहे, आणि गावाच्या रकान्यात दोन्ही मिळून शून्य. गावाचं खरं नुकसान म्हणजे न झालेलं काम. म्हणून गावाच्या रकान्यात दिलेली रोजी आणि बुडालेलं काम दोन्ही लिहिले तर एकच नुकसान दोनदा मोजलं जाते. मोठमोठ्या रिपोर्टमध्येही ही गफलत होऊ शकते, तुम्ही टाळा.

लॉकडाऊनशी तुलना कोणीतरी विचारीलच. ९०० कमावते, ३०० रोजी, सात दिवस पूर्ण बंद, १८,९०,०००. वावरातलं काम चालू ठेवून निम्मी रोजी बुडाली तरी ९,४५,०००, म्हणजे एका आठवड्याचा बंद हा आपल्या पूर्ण साथीच्या रोजीसकट टेस्टिंगएवढा महाग. आणि बंद उठला की शीटमधला वक्र परत वर चढताना दिसते, कारण लागण न झालेले तेवढेच शिल्लक असतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यात आठवड्याचा लॉकडाऊन लागला आणि पुढं वाढवावा लागला, आपण पाहिलं आहे. बंद करूच नये असं मी म्हणत नाही, दवाखान्यात खाटा संपत आल्या तर दुसरा मार्ग नसते. पण बंदच्या हिशोबात फक्त रोजी धरू नका, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कापूस खरेदी थांबली आणि घराघरात कापूस पडून राहिला, पेरणीच्या तोंडावर हातात पैसा नाही म्हणून सावकाराकडं जावं लागलं की त्याचं व्याजही याच खर्चात येते.

पूर्ण गावाची टेस्ट करायची का

ही मागणी दरवेळी येते म्हणून वेगळं लिहितो. २,००० लोकांत खरे लागण झालेले १ टक्का, म्हणजे २०. अँटिजेन त्यातले १२ पकडील. निरोगी १,९८० पैकी अर्धा टक्का चुकून पॉझिटिव्ह, म्हणजे १०. एकूण २२ पॉझिटिव्ह, त्यातले १० जण विनाकारण घरी बसणार, आणि ८ खरे रुग्ण निगेटिव्हचा कागद घेऊन बिनधास्त फिरणार. खर्च ३ लाख. तेच फक्त ताप-खोकलावाल्यांची टेस्ट केली तर पॉझिटिव्हवर भरवसा कितीतरी जास्त. ज्यांना त्रास आहे आणि अँटिजेन निगेटिव्ह आली त्यांची आरटी-पीसीआर करा असं आयसीएमआरचंही सांगणं होतं, ती ओळ शीटमध्ये जोडा.

लॅबवर ताण असेल तर पूल टेस्टिंगचा विचार करा. पाच जणांचे सॅम्पल एकत्र करून एक टेस्ट, निगेटिव्ह आली तर पाचही सुटले, पॉझिटिव्ह आली तर पाचही परत वेगवेगळे. ही युक्ती १९४३ साली रॉबर्ट डॉर्फमन यांनी अमेरिकी सैन्यभरतीतल्या सिफिलिसच्या तपासणीसाठी मांडली होती. १ टक्का पॉझिटिव्ह असतील तर १०० माणसांना साधारण २५ टेस्ट पुरतात, ५ टक्के असतील तर ४३ लागतात, १० टक्क्यांना ६१, आणि ३० टक्के झाले की १०३, म्हणजे तोटाच. आयसीएमआरनं एप्रिल २०२० मध्ये पूल पाचपर्यंतच ठेवा आणि पॉझिटिव्हचं प्रमाण २ टक्क्यांच्या आत असेल तिथंच सर्रास वापरा, ५ च्या वर नको असं सांगितलं होतं. पण पुलिंगमध्ये रिपोर्टला एक फेरी जास्त लागते, तो उशीर उरलेल्या दिवसांच्या आकड्यातून वजा करा.

जिवाची किंमत कोणत्या रकान्यात

कोणत्याच नाही, असं माझं मत. सरकारी अभ्यासात मृत्यूचं आणि आजारपणाचं रूपांतर निरोगी वर्षांत करतात आणि एक वर्ष वाचवायला दरडोई उत्पन्नाच्या एक ते तीन पट खर्च चालते असा एक मापदंड बरीच वर्षं वापरात होता, पण तो आंधळेपणानं लावू नका हे खुद्द जागतिक आरोग्य संघटनेच्या लोकांनीच लिहिलं आहे. आपल्या शीटला त्याची गरज नाही. एका बाजूला रुपये, दुसऱ्या बाजूला टाळलेले मृत्यू, आणि दोन्ही शेजारी दाखवा. आपल्या उदाहरणात वरचे ५,२०,५०० आणि दोन माणसं, म्हणजे दवाखान्याची आणि आजारपणाची बचत अजिबात न धरताही एका माणसामागं २,६०,०००. निर्णय ग्रामसभा घेईल, तालुका घेईल. कोरोनाच्या मृत्यूनंतर कुटुंबाला ५०,००० ची मदत मिळाली होती, तो आकडा कोणी जिवाची किंमत म्हणून या रकान्यात टाकत असेल तर थांबवा. ती मदत होती. कमावता माणूस गेल्यावर त्या घरात पोरांची शाळा, पोरीचं लग्न, डोक्यावरचं कर्ज, सातबाऱ्यावर नाव चढवायला विधवेच्या चकरा, हे सगळं त्या ५०,००० मध्ये बसत नाही.

वय मात्र नक्की टाका. हजारात ५ हा पूर्ण गावाचा अंदाज आहे, साठच्या वरच्यांत तो कितीतरी जास्त असते, आणि आपल्या खेड्यांतून तरुण पोरं पुण्या-नागपूरला गेलेली, मागं म्हातारेच जास्त. आशाताईंच्या कुटुंब सर्व्हेतून वयोगट मिळतात.

मांडायचं कसं

मीटिंगमध्ये एकच आकडा सांगू नका, पट्टा सांगा, एक लागण टाळायला १,३०० ते ६,८०० आणि हा फरक कशामुळं. छोट्या गावात नशिबाचाही भाग मोठा असते, चारपैकी एक जण बाजारात गेला की नाही यावर सगळं फिरते, म्हणून ज्याला जमते त्यानं शीटमधलं रँड फंक्शन (दरवेळी नशिबावर वेगळा आकडा काढणारं) वापरून तीच साथ शंभर वेळा चालवावी आणि त्यातला सगळ्यात वाईट दहावा हिस्सा वेगळा दाखवावा, खाटांची तयारी त्यावर ठरवायची. पहिल्याच पानावर मानलेले आकडे पिवळ्या रंगात आणि रजिस्टरमधून आणलेले हिरव्या रंगात ठेवा, म्हणजे समोरच्याला कशावर भांडायचं ते कळते, आणि त्यानं भांडावंच, त्याच्याकडं खरा आकडा असेल तर तिथंच टाकून दाखवा. शीट दर आठवड्याला ताजी करा, उरलेल्या दिवसांचा आकडा सगळ्यात आधी, कारण तोच सगळ्यात लवकर बिघडते.

रजिस्टरमधून उतरवताना नावं, मोबाईल नंबर आणि घराचा वॉर्ड घेऊ नका, तारखा, वय आणि कामाचा प्रकार पुरते. चाळीस घरांच्या बेड्यावर किंवा पोडावर तर वय आणि काम एवढ्यानंच माणूस ओळखू येते, तिथं वयाच्या जागी साठच्या आत की वर एवढंच लिहा. आणि शीट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या आधी तिची कॉपी करून रजिस्टरवाला टॅब त्या कॉपीतून काढून टाका.